रंगीन महालातली झळकाई

बाया बागेत आणि गडी महालात. मी बिदरच्या किल्ल्यात कामाला लागले तेव्हा हाच रिवाज होता. तो कुणी घालून दिलेला नव्हता, पण मोडतही कुणी नव्हतं. माणसं आळंदहून येवोत, हुमनाबादहून येवोत, नाहीतर माझ्या माहेरच्या संतपूरहून, बाया लाल बागेत सावली बघून पटकूर पसरायच्या, भाकरीची फडकी सोडायच्या, लेकरं सांभाळायच्या. आणि गडी धोतराचा सोगा हातात धरून महाल बघून यायचे. परत आल्यावर बाईनं विचारलं, आत काय होतं, की उत्तर ठरलेलं. काय न्हाई, दगडं हायती.

मी त्या दगडांची नोकर. आधी बागेत माळीण होते, मग रंगीन महालाची किल्ली माझ्या कमरेला आली. आता सुटले त्यातून. दिवाळी अंकाचे लोक घरी येऊन म्हणाले, सोजरबाई, तुमच्या कामाचं काहीतरी लिहा. मी म्हटलं, माळणीचं काय लिहायचं? गवत वाढतं, कापायचं, परत वाढतं. पण झळकाईबद्दल आठवडी बाजारात अजून भलतंसलतं बोललं जातं, आणि त्या देवीला जन्माला घालणारी मीच आणि घालवणारीही मीच. तेव्हा एकदा माझ्या तोंडून येऊ दे.

आधी बागेचं सांगते, कारण लोकांना वाटतं बाग म्हणजे फुलं. बाग म्हणजे पाणी. कुठल्या वाफ्याला कधी पाजायचं आणि कुठल्याला तहानलेलं ठेवायचं, एवढं ज्याला कळलं तो माळी. बहात्तरच्या दुष्काळात आम्हाला वरून हुकूम होता की हिरवळ जगवा, ती दिसते. मी हिरवळीला राम राम केला आणि मिळेल ते पाणी जुन्या झाडांच्या बुडाला घातलं. गवत काय, पुढच्या पावसाळ्यात आपल्या पायानं परत येतं. झाड गेलं की गेलं. त्यावरून बोलणी खाल्ली मी, पण ती झाडं आज उभी आहेत आणि त्यांच्याखाली लोक भाकरी खातात. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवणार नाही.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. गिऱ्हाइकं म्हणजे बघायला येणारी माणसं, आम्ही आपसात तसंच म्हणायचो. संतपूरकडचा एक शेतकरी हिरवळीवर उकिडवा बसला, मूठभर गवत उपटलं, वास घेतला आणि मला रागानं म्हणाला, एवढ्या पाण्यावर नुसतं गवत करायलाव? ऊस लावा की. दुसरा एक गृहस्थ महालभर फिरून आला आणि तक्रार करायला लागला की आत एक खुर्ची नाही, पलंग नाही, मग राजा बसायचा कशावर? हुमनाबादच्या एका लॉरी ड्रायव्हरला तर राणी बघायची होती. ती वारली म्हटल्यावर तो खरंच हळहळला, आणि कधी वारली म्हणून विचारलं. मी म्हटलं, दादा, तुमची गाडी जरा उशिरा आली.

रंगीन महालाची राखण तेव्हा महेबूबचाचांकडे होती. म्हातारा मोठा दिलदार, पण गुडघ्यांनी बेजार. ते दाराशी स्टूल टाकून बसायचे आणि मला हाक मारायचे, "सोजर बेटी, इनको जरा अंदर दिखाके ला." असं करत करत मी बागेतून महालात शिरले. म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्या सुमाराला चाचांनी किल्लीच माझ्या हातात दिली. कागदावर राखणदार ते, काम माझं. नंतर कागदावरही मीच आले.

त्या महालात आत एक लहान खोली आहे. काळ्या कुळकुळीत दगडात शिंपल्याचे तुकडे बसवून वेली आणि फुलं केलेली. मोत्याच्या शिंपल्याला आतून जे चमकतं अस्तर असतं, त्याचे नखाएवढे तुकडे कापून, दगडात तेवढीच खाच कोरून, एकात एक असे बसवलेत की बोट फिरवलं तरी सांधा लागत नाही. पण खोलीत अंधार. अंधारात शिंपला मेलेला असतो. चाचा कंदील दाखवायचे, तर वेलीपेक्षा काजळीच जास्त. म्हणून तर गडीमाणसं बाहेर येऊन दगडं हायती म्हणायची. त्यांचं तरी काय चुकलं?

एक दिवस जेवण करून मी चौकात माझं पितळी ताट घासत होते. चिंच आणि राख लावून असं लखलखीत केलं, आणि विसळून उचललं तर उन्हाचा एक गोळा ताटावरून उडाला आणि थेट दारातून आतल्या खोलीत गेला. आत काहीतरी पेटल्यासारखं झालं. मी ताट हलवलं, तर भिंतीवरची वेल जागी झाली. हिरवी, गुलाबी, निळी, मोराच्या मानेसारखी. चाचा स्टुलावरून उठून उभे राहिले. इतकी वर्षं त्या दाराशी बसलेला माणूस, पण ती भिंत त्यांनीही अशी बघितली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि माझ्याही.

मग माझं डोकं चाललं. बाया आत का येत नाहीत? अंधारी खोली, दाराशी परका पुरुष, आणि आत म्हणे दगडं. आता दगडंही राहिली नव्हती आणि दाराशी मी होते. मी बागेत जायचे आणि हिरवळीवरच्या बायांना म्हणायचे, अक्का, भाकरी कुठं पळून जायली? चला, गंमत दाखवते. सुरुवातीला एखादी यायची, मग घोळका यायला लागला. मी चौकात उन्हात उभी राहायचे, त्या आत दाटीवाटीनं उभ्या राहायच्या, आणि मी ताट हळूहळू फिरवायचे. वेल खालून सुरू होते, उजवीकडून वर चढते, वळून डावीकडून खाली येते. म्हणून उजेडही तसाच न्यायचा, खालून वर, वरून खाली, गोल. बाया अगं बाई म्हणायच्या आणि मी तिकडं उन्हात एकटीच हसायचे.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्या मात्र आलं नाही. अंधारी खोली, गाभाऱ्यासारखी. काळा दगड, त्यावर काहीतरी झळकतंय. आणि दाराशी एक बाई पितळी ताट गोल ओवाळतेय. ज्या बायांचा सगळा जन्म देवळाच्या उंबऱ्याशी गेला, त्यांनी दुसरं काय समजावं? आधी एकीनं उंबऱ्याला डोकं टेकलं. मग कोनाड्यात कुणी तरी फूल ठेवलं. मग हळदकुंकू आलं, नारळ आले, तेलाचा दिवा आला. नावही पडलं, झळकाई. नवसाला पावते म्हणे. बसस्टँडवरचे टांगेवाले ओरडायला लागले, चला किल्ला, चला झळकाई.

माझ्या बापानं दीक्षा घेतली त्या वर्षी घरचा देव्हारा मांजरेच्या पाण्यात सोडला होता. मी लहान होते, पण काठावर उभी होते. आम्ही बौद्ध. देव नाही, नवस नाही, अंगारा नाही. आणि मी झाले झळकाईची पुजारीण! माझा भाऊ औरादहून आला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "आप्पानं सात पिढ्यांचे देव नदीत सोडले, आन् तू सरकारी पगारावर नवी देवी बसवलीस." मी रागातच त्याला खायला वाढलं.

हसण्यावारी गेलं असतं, पण पुरातत्त्व खात्याचे मोठे साहेब तपासणीला आले. धारवाडकडचे, कानडी बोलणारे, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी बॅटरी काढली आणि भिंतीवर धरली. काळ्या दगडावर हळदीची बोटं, कोनाड्यावर दिव्याची काजळी, आणि एका फुलाची पाकळी गायब. टोकदार कशानं तरी उचकटून काढलेली. देवीचा कण म्हणून कुणीतरी लेकराच्या गळ्यात बांधायला नेला असणार. साहेबांनी त्या रिकाम्या खाचेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मला वाटलं, माझीच एक पाकळी गेली.

साहेब म्हणाले, खोलीला कुलूप घाला, किल्ली ऑफिसात जमा करा. त्यांचं चुकत नव्हतं, हीच तर अडचण. पण कुलूप लागलं की बाया परत बागेत. परत काय न्हाई, दगडं हायती. मी हात जोडून कानडीत म्हटलं, साहेब, बंद करणं एका दिवसाचं काम आहे, मला थोडी मुदत द्या. ते माझ्याकडं आणि माझ्या ताटाकडं बघत राहिले. मग म्हणाले, पाडव्यानंतर मी परत येतो. भिंतीला बोट लागलेलं दिसलं, तर तुम्ही काही बोलायचं नाही आणि मीही काही ऐकायचा नाही.

करायला गेले एक नि झालं भलतंच, आणि आता निस्तरायचं मला. मी कोनाडा धुतला, हळद पुसली आणि येणाऱ्या प्रत्येकीला सांगायला लागले की ही देवी नाही, शिंपला आहे. बाया मान डोलवायच्या. एकीनं मला कानात सांगितलं की बाई, तुमाला तसंच सांगावं लागतंय, देवीची आज्ञा आसंल. कपाळाला हात लावला मी. ताट टाकून आरसा घेतला, तर देवीनं वेणीफणीला आरसा मागितला अशी बातमी हुमनाबादपर्यंत गेली. दाराला पाटी लावली, ती वाचता येणाऱ्या बाया थोड्या, आणि वाचणाऱ्यांनी तिलाच कुंकू लावलं. चाचा म्हणाले, भूत है बोल दे, कोई नै आता. मी म्हटलं, चाचा, मग नारळाबरोबर लिंबंही यायला लागतील.

पाडवा जवळ आला होता. शेतातल्या राशी होऊन गेल्या होत्या, माणसं मोकळी झाली होती. त्या दिवशी आळंदहून बायांची एक लॉरी आली. पुढं भागीरथीअक्का. घरी तुरीचा मोठा व्यापार, अंगानं उंच, आवाज असा की झाडावरचे पोपट उडावेत. मागं तिची सून, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत, एक शब्द नाही. चाचा नमाजाला गेले होते. अक्कानं आधी मला नखशिखांत बघितलं आणि विचारलं, कुणाची गं तू? मी सांगितलं, सोजर, संतपूरची, बौद्धाची. ती व्हय का म्हणाली आणि ओटीचं सामान माझ्या हाताला न लागेल अशा बेतानं दुसऱ्या काखेत घेतलं. खण, नारळ, बांगड्या, तेलाची बुधली. आणि कनवटीला अडकित्ता.

मी म्हटलं, अक्का, अडकित्ता कशाला?

"सुनंच्या वटीत देवीचा एक कण घालायचाय," ती म्हणाली. "लई दवा झाल्या, लई देव झाले. बाजूला सर."

ती वाईट बाई नव्हती. तिचा हात सुनेच्या पाठीवर होता, ढकलायला नाही, धरायला. पण अडकित्ता एकदा त्या वेलीला लागला की संपलं. मी दारात आडवी उभी. त्या लॉरीभर, मी एकटी. ओरडले असते तर त्या आत घुसल्या असत्या, आणि देवी नाही म्हटलं असतं तर तेही घुसायचंच निमित्त झालं असतं. त्या क्षणाला मला जे सुचलं ते कसं सुचलं, मला आजही सांगता येत नाही. मी ताट तिच्यापुढं धरलं.

"अक्का, आज माझा हात आखडलाय. ताट तुमी धरा."

अक्का दचकली. मग तिनं सामान सुनेकडं दिलं, पदर सारखा केला आणि माझ्या हातचं ताट दोन्ही हातांनी घेतलं, आरतीचं घ्यावं तसं. ताटात बघितलं.

"दिवा कुठाय ह्याच्यात?"

"दिवा वर हाय," मी म्हटलं आणि सूर्याकडं बोट केलं.

तिला चौकात उभं केलं, बाकीच्या आत गेल्या. अक्कानं ताट वर केलं आणि उजेड आधी छताला गेला, तिथली पारवी फडफडत बाहेर आली. मग उजेड एकीच्या नाकावर, मग सुनेच्या तोंडावर. बाया खदखदून हसायला लागल्या. मी तिच्या कोपराला हात लावून म्हटलं, जरा खाली, जरा उजवीकडं. आणि वेल उजळली. आतलं हसणं थांबलं.

अक्का बघतच राहिली. मग तिनं ताट खाली केलं. वेल विझली. वर केलं, उजळली. परत खाली, परत वर. म्हातारी हुशार होती, बाजारात माणसं जोखलेली. तिला कळत चाललंय हे मला तिच्या मानेवरून दिसत होतं. आणि मला भीती वाटत होती, कारण एवढ्या लांबून आणलेली आशा माझ्या ताटानं तिच्या हातून काढून घेतली होती.

"सोजर," ती हळू म्हणाली, "हे तर ऊन हाय."

"व्हय अक्का. ऊन हाय, शिंपला हाय, आन् कुण्यातरी कारागिराचा हात हाय. देवी न्हाई."

तेवढ्यात सून बाहेर आली. पदर डोक्यावरून मागं सरकला होता. म्हणाली, "आत्या, मला द्या. तुमी आत जाऊन बघा. भायेरून नीट दिसत न्हाई." सुनेनं ताट घेतलं आणि अक्का आत गेली. सुनेचा हात जरासुद्धा हलला नाही. तिनं ती वेल पान पान करत खालून वर नेली, आणि जिथं पाकळी नव्हती तिथं उजेड थांबवला. काळी खाच दिसली. आतून अक्काचा आवाज आला, "आगं, हे कुणी काढलं? एवढं चांगलं काम नासलं की." तिच्या कनवटीला अडकित्ता तसाच होता. तो बाहेर आला तो बागेत, सुपारी कातरायला.

लॉरीतली एक बाई अजून कुरकुरत होती की देवी रुसली म्हणून ऊन झाली असेल. अक्कानं तिला एका वाक्यात गप्प केलं. "हातच्या काकणाला आरसा कशाला? जा, तूबी ताट धरून बघ."

नारळ बागेच्या पायरीवर फोडला. खोबऱ्याचे तुकडे मी केले, वाटलेही मीच. अक्कापुढं हात नेला तेव्हा मी क्षणभर थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, तुकडा उचलला आणि खाल्ला. खण आणि बांगड्या माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, परत कुठं नेऊ, तूच नेस. सुनेला मी बाजूला घेऊन सांगितलं की इथल्या सरकारी दवाखान्यात बाईडॉक्टर आहे, दाखव, पण एकटी जाऊ नकोस, नवऱ्यालाही सोबत घे. ती पहिल्यांदा हसली. पुढं तिचं काय झालं ते मला कळलं नाही. चांगलं झालं असावं असं मी धरून चालते.

अक्काचा आवाज आळंदच्या बाजारात किती घुमला असेल याची कल्पना करा. माझ्या पाटीनं जे झालं नाही ते तिच्या तोंडानं झालं. मग मी नेमच केला की दाखवायचं नाही, ताट हातात द्यायचं. धरा अक्का, तुमीच दाखवा. आपण स्वतः पेटवलेल्या उजेडापुढं कोण नारळ फोडतो? काही जणी तरीही हात जोडायच्या. जोडू देत, सुंदर वस्तूला हात जोडले तर काही झिजत नाही. पण भिंतीला बोट लागेना. आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी उंबऱ्यावर खणाच्या चिंधीत बांधलेली एक पुडी सापडली. आत ती पाकळी. कुणी ठेवली ते मी शोधलं नाही.

साहेब आले. बॅटरीनं भिंत कानाकोपऱ्यापर्यंत बघितली. मी पुडी त्यांच्या हातात दिली आणि दुसऱ्या हातात ताट. ते गोंधळले. मोठ्या हुद्द्याचा माणूस, इस्त्रीच्या कपड्यात, हातात माळणीचं जेवणाचं ताट. मी त्यांना चौकात कुठं उभं राहायचं ते दाखवलं. त्यांचाही उजेड आधी छतालाच गेला, सगळ्यांचा जातो. मग वेल उजळली. त्यांनी ती खालून वर नेली, खाली आणली, आणि मला म्हणाले, "इन्नोंदु सल." म्हणजे अजून एकदा. असं अजून एकदा, अजून एकदा करत ऊन चौकातून सरकलं तेव्हाच त्यांनी ताट परत दिलं. किल्लीबद्दल ते बोलले नाहीत. ती माझ्या कमरेला होती, तिथंच राहिली. पाकळी पुढं त्यांनी पाठवलेल्या कारागिरानं बसवली. किंचित तिरकी बसली आहे, बाकीच्या उजळल्या की ती मागून उजळते.

नोकरी सुटल्यावर मी बरेच दिवस किल्ल्याकडं गेले नव्हते. मन व्हायचं नाही. गेल्या हिवाळ्यात नातेवाईक आले, त्यांच्या आग्रहानं गेले, पाहुणी म्हणून. दाराशी नवीन पोरगी होती, राखणीला लागलेली. ती मला ओळखत नव्हती आणि मीही ओळख दिली नाही. बागेत एक घोळका बसला होता, ती स्वतः जाऊन त्या बायांना उठवून घेऊन आली. मग तिनं भिंतीला टेकवलेलं एक पितळी ताट उचललं, पदरानं पुसलं, आणि सगळ्यांत म्हातारी म्हणून माझ्यासमोर धरलं.

"धरा आज्जी, तुमीच दाखवा."

मी ताट घेतलं. पोरगी म्हणाली, "अंगठा आत घेऊ नका आज्जी, सावली पडती. घाबरू नका, पयल्यांदा समद्यांचं छतालाच जातंय."

मी मुद्दाम उजेड छताला नेला. पारवी फडफडली, बाया हसल्या. पोरीनं माझ्या कोपराला हात लावला आणि म्हणाली, जरा खाली, जरा उजवीकडं. मी तिचं ऐकलं. वेल खालून उजळत वर गेली, वळली, आणि त्या फुलाशी मी थांबले. सगळ्या पाकळ्या उजळल्या. एक मागं राहिली होती. मी ताट केसभर वळवलं आणि तीही उजळली.

"आज्जी," पोरगी म्हणाली, "तुमचा हात चांगला हाय."